सहा वाजताचं शून्य

आमच्या लॅबमध्ये अत्तर लावून आलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवतात. पाठवते मीच. एकोणीस वर्षं हेच करतेय, त्यामुळे लोक मला तोंडावर ताई म्हणतात आणि पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. केसांना तेल नको, हाताला सॅनिटायझर नको, सिगरेट ओढली असेल तर तासभर बाहेर बसा. एकदा खुद्द संचालकांना मी व्हरांड्यात उभं करून ठेवलं होतं, कारण ते दाढीनंतरचं काहीतरी गालाला चोपडून आले होते. ते हसले खरे, पण पुढचं वर्षभर जिन्यात मी दिसले की मोबाइलमध्ये डोकं घालायचे.

हे सगळे नखरे ग्राफीनचे. पेन्सिलीने रेघ मारली की शिशाचे थरावर थर कागदाला चिकटतात. त्यातला एकच थर, अणूएवढ्या जाडीचा, सुटा काढला की ते ग्राफीन. आम्ही ते पेन्सिलीतून काढत नाही, भट्टीत तांब्याच्या पत्र्यावर वाढवतो. मग तांबं रसायनात विरघळवायचं आणि पाण्यावर जी दिसते न दिसतेशी साय तरंगत राहते ती इवल्याशा चिपवर अलगद झेलायची. दहादा झेलली तर सहादा फाटते. पाठ धरते, डोळे चुरचुरतात आणि श्वास रोखायची इतकी सवय लागलीय की घरी दूध गाळतानाही मी श्वास रोखून उभी असते.

एवढा खटाटोप कशाला, तर त्या सायीवर वायूचे चार कण येऊन बसले तरी तिच्यातून जाणारी वीज अडखळते. किती अडखळली ते मोजलं की हवेत काय आहे, किती आहे ते कळतं. फक्त एक पंचाईत आहे. ही फिल्म हळूहळू ढळते. हवेत काही नसताना आज शून्य दाखवते, उद्या तीन, परवा पाच. या ढळण्याने आमच्या नाकी नऊ आणले होते. चार वर्षं मॅडम आणि मी त्याच्यामागे होतो. मॅडम म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान आणि माझ्याइतक्याच दमलेल्या.

शेवटी तोडगा मी काढला. तो माझाच, दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येणार नाही. अमोनिया मोजायला ही चिप बसवून आम्ही जी डबी केली होती, तिने रोज पहाटे सहा वाजता, हवा जेव्हा सगळ्यात शांत असते, दारंखिडक्या बंद असतात, माणसांची ये-जा नसते, तेव्हा जो आकडा येईल त्याला शून्य म्हणायचं. मग दिवसभर त्याच्या वर जेवढं जाईल तेवढा वायू. दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा नवं शून्य. ढळेना का फिल्म, रोज सकाळी तिला आपण जागेवर बसवतोच. आणि अजून एक बारीकसा नियम घातला: आकडा शून्याच्या खाली गेला तर शून्यच लिहायचा. हवेत उणे पंधरा अमोनिया असू शकत नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल.

मॅडम खूश झाल्या होत्या. म्हणाल्या, "ताई, इतकं साधं आपल्याला चार वर्षं सुचलं नाही." मीही त्या दिवशी जरा चढले होते, खोटं कशाला बोलू.

डबी म्हणजे साबणाच्या वडीएवढी पेटी. आत चिप, चिपखाली तिला दर तासाला तापवून बसलेले कण झटकून टाकणारा हीटर आणि बाहेर एक दिवा. हवा ठीक असेल तर हिरवा, अमोनिया हवेच्या दहा लाख भागांत पंचविसाच्या वर गेला तर लाल. प्रत्यक्ष जागेवर चाचणी करायला एखादं ठिकाण हवं होतं. अमोनियावर चालणारं शीतगृह माझ्या घरातच होतं म्हणायला हरकत नाही, कारण माझा नवरा सव्वीस वर्षं तिथे कॉम्प्रेसर चालवतो. मीच त्यांच्याकडे शब्द टाकला, त्यांनी त्यांच्या मॅनेजरकडे टाकला आणि डबी यंत्रशाळेच्या भिंतीवर, त्यांच्या खुर्चीच्या बरोबर समोर लागली.

"सकाळी घरी तू, रात्री तिथे तुझी डबी," ते म्हणाले. "माणसाने सुटायचं तरी कुठे?"

ते कायम रात्रपाळीला. आमची भेट सकाळी सात ते साडेसात, चहापुरती. ते यायचे, मी निघायची. लग्नाला चोवीस वर्षं झाली आणि त्यातली अर्धी आम्ही एकमेकांना दारात ओलांडण्यात घालवली. त्यांना वास येत नाही. अमोनियात एवढी वर्षं काढल्यावर नाक कधीच गेलं, त्यांच्या सोबतीच्या बहुतेकांचं गेलंय. पूर्वी मशीनच्या हॉलमध्ये ते मास्क कपाळावर चढवून ठेवायचे आणि जरा शंका आली की खाली ओढायचे. डबी लागल्यावर मास्क खुंटीला गेला. हिरवा दिवा समोर आहे, मग कशाला तोंड बांधून बसायचं?

डबी लागून तीन आठवडे झाले आणि मॅनेजरने रात्रीचा मोठा पंखा बंद केला. आसपासच्या इमारतींतून आवाजाच्या तक्रारी येत होत्या आणि आता आलेख होताच दाखवायला, सरळ सपाट, तीन आठवडे शून्य. मॅडमनी तो अहवालात घातला. मला बरं वाटलं होतं, माझ्या डबीमुळे कुणाला तरी शांत झोप मिळाली म्हणून.

त्याच सुमाराला माझ्या नवऱ्याचा खोकला सुरू झाला.

आधी नुसता घसा खाकरणं. मग सकाळी आल्यावर दहा दहा मिनिटं न्हाणीघरात. नळ धो धो सोडून आत बसायचे. मी बाहेरून ओरडायची, "अहो, टाकी रिकामी कराल, नळ बंद करा की." नळ बंद व्हायचा, थोड्या वेळाने ते बाहेर यायचे, डोळे लाल. मी म्हणायची जागरणाने. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पन्नाशीत असं व्हायचंच म्हणाले आणि सिगरेट सोडा म्हणाले. यांनी जन्मात सिगरेट ओढलेली नाही. त्यांनी ते डॉक्टरांना सांगितलं नाही, घरी येऊन मला सांगितलं आणि हसायला लागले आणि हसता हसता पुन्हा खोकला.

एकदा चहा पिताना म्हणाले, "रात्री आत जरा कोंदल्यासारखं होतं गं. मॅनेजरला म्हटलं, पंखा लावा."

"मग?"

"तुझा आलेख काढून दाखवला त्याने. म्हणाला, तुमच्या बायकोचंच मशीन सांगतंय हवा स्वच्छ आहे, आता बायकोवरही विश्वास नाही का?"

मी पर्समध्ये किल्ल्या शोधत होते. उशीर झाला होता. मी म्हटलं, "डबी बरोबरच आहे. रोज बघते मी आकडे. वय झालं आता, घशाची काळजी घ्या जरा, गुळण्या करत जा." आणि निघाले. हे मी बोलले, याच शब्दांत. त्यांनी मान हलवली आणि बशी उचलून मोरीत ठेवली.

डबी लागून तीन महिने होत आले, पंखा बंद होऊन दोन. त्या मंगळवारी तीन वाजता शीतगृहवाल्यांची माणसं येणार होती, सगळ्या शाखांसाठी डब्या घ्यायच्या की नाही ते ठरवायला. अकराच्या सुमाराला मॅडम आल्या, हातात अर्धा खाल्लेला टोस्ट.

"ताई, त्यांच्या तांत्रिक माणसाला कच्चे आकडे हवेत. शून्य धरायच्या आधीचे. नुसते छापून ठेवा, कोण बघणार आहे."

मी कच्ची फाइल उघडली. खरं सांगायचं तर डबी लावल्यापासून मी ती उघडलीच नव्हती. रोज बघायची ते स्वच्छ केलेले आकडे, माझ्याच दोन नियमांतून गाळून आलेले. कच्ची रेघ पडद्यावर आली आणि मला वाटलं दुसऱ्याच कुठल्या डबीची फाइल उघडलीय. सपाट काहीच नव्हतं. रेघ संध्याकाळपासून चढत जायची, पहाटे सहाला शिखरावर, सकाळी आठला धाडकन खाली. रोज. आठ वाजता मालाची ने-आण करणारी माणसं येतात, मोठं शटर वर जातं आणि पंखा सुरू होतो.

मनात पहिलं आलं ते हेच की फिल्म ढळली. एकोणीस वर्षांची सवय. वाईट आकडा दिसला की आम्ही आधी फिल्मवर आळ घेतो. पण ढळलेली फिल्म दुपारी आपणहून जागेवर येत नाही आणि ही येत होती. डबी भिंतीवर लावायच्या आधी मी लॅबमध्ये शुद्ध हवेत तिचं एक शून्य घेऊन ठेवलं होतं. रोज दुपारी बारा-एकला रेघ अगदी त्याच्यावर येऊन टेकत होती. फिल्म ढळली नव्हती. तीन महिने ती जागची हललेली नव्हती. आठवड्याच्या सुट्टीचे दिवस काढून बघितले. सुट्टीला शटर उघडत नाही, कॉम्प्रेसर मात्र चालूच असतो. त्या दिवशी रेघ आठला खाली आलीच नव्हती, दिवसभर वरच.

मग मी पहाटेची सगळी शून्यं फेकून दिली आणि लॅबमधलं एकच शून्य धरून आलेख पुन्हा काढला. पहिले तीन आठवडे रात्री पाच-सात. पंखा बंद झाला त्या रात्री बावीस. मग तीस, चाळीस, एकेचाळीस. गेल्या पंधरवड्यात पन्नासच्या वर.

पहाटे सहा वाजता त्या हॉलमधली हवा सगळ्यात शांत नव्हती, सगळ्यात घाण होती. कुठूनतरी अमोनिया झिरपत होता, बंद दारांआड रात्रभर साठत होता आणि भरून वाहायला आलेल्या त्या हवेला मी रोज सकाळी शून्य म्हणत होते. शटर उघडून हवा खरोखर स्वच्छ झाली की आकडा शून्याखाली जायचा आणि तिथेही माझा शाळेतला नियम तयार होताच. डबी बिचारी रोज खरं बोलत होती. तिचं तोंड मी दाबलं होतं, दोन ओळी लिहून.

खुर्ची धरून उठले ती मॅडमच्या केबिनमध्येच जाऊन थांबले.

मॅडमनी आलेख बघितला. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही, पाच मिनिटांत त्यांचा टोस्ट टेबलावर आणि डोकं हातात. बाहेर भट्टीचा पंप घरघरत होता.

"आज तीन वाजता ते येणार आहेत," त्या शेवटी म्हणाल्या.

"हो."

"ताई, चार वर्षं झाली हो."

"माझीही चारच झाली, मॅडम. माझे मिस्टर आज रात्री पुन्हा तिथे बसणार आहेत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, डबीच्या समोरच्या खुर्चीत कोण बसतं हे त्या विसरल्या होत्या. त्यांना दोष कसा देऊ, मीही विसरलेच होते. त्यांनी फोन उचलला आणि मॅनेजरला सांगितलं की आमचा अहवाल चुकीचा आहे, तीन महिन्यांचा, सगळा, आणि आत्ताच्या आत्ता गळती शोधा. पलीकडून बरीच बडबड ऐकू येत होती. हिरवा दिवा, आलेख, तुमचीच सही. मॅडम म्हणाल्या, "सही माझीच आहे. म्हणूनच सांगतेय." चुकीचा नियम कुणी लिहिला ते त्यांनी सांगितलं नाही. मीच पुढे झाले, फोन हातात घेतला आणि माझं नाव घालून सांगितलं.

दोन वाजता उलट फोन आला. एका माणसाने ओला लाल लिटमस कागद पाइपांवरून फिरवला होता आणि मागच्या बाजूच्या एका व्हॉल्व्हपाशी कागद निळा झाला. आतलं पॅकिंग झिजलं होतं. बदलायला वीस मिनिटं लागली. एवढंच. मॅनेजर काखा वर करून म्हणाला की मशीनवर विसंबलो, आमचं काय चुकलं. त्यावर मला सणसणीत उत्तर सुचलं होतं, पण ते द्यायचा अधिकार मला उरलेला नव्हता. रात्री पंखा चालू ठेवा, एवढं म्हटलं आणि ठेवून दिला.

तीनची माणसं आली, दोन मिनिटं थांबली आणि गेली. मॅडम मला म्हणाल्या, "घरी जा, ताई. उद्यापासून बघू." त्या स्वतः मात्र तिथेच, रिकाम्या बैठकीच्या खोलीत पाण्याच्या बाटल्या गोळा करत राहिल्या.

घरी पोचले तेव्हा चार वाजले होते. ते झोपून उठले होते, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून चष्म्याची दांडी सुताने बांधत होते. मला एवढ्या लवकर बघून दचकले.

"काय गं, बरं नाही का?"

मी समोर बसले आणि कागद टेबलावर ठेवला. वाटेत बरंच काही जुळवलं होतं, त्यातलं एकही वाक्य जागेवर नव्हतं. सरळच सांगितलं. माझा दिवा खोटा होता. मी शून्य चुकीच्या वेळेला धरलं. दोन महिने रात्रभर तुम्ही अमोनिया छातीत घेत होता आणि मी तुम्हाला गुळण्या करायला सांगत होते.

त्यांनी चष्मा तसाच एका दांडीवर डोळ्यांना धरला. सव्वीस वर्षं मीटरचे काटे वाचलेला माणूस, आलेख त्यांना माझ्याहून लवकर कळतो.

"ही आडवी रेघ?"

"पंचविसाची मर्यादा."

बोट रेघेवरून हळूहळू चढत गेलं, शिखरावर थांबलं. "इथे मी आत होतो."

"हो."

"मास्क खुंटीला."

"हो. माझ्या दिव्याकडे बघून."

ते ओरडतील याची मी वाट बघत होते. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी चष्मा काढून कागदावर ठेवला आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले,

"म्हणजे खोकला खरा होता तर."

"खराच होता," मी म्हटलं.

"मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला होता, दिवसपाळी मिळावी म्हणून नाटक करतो. लोक हसले. तुला सांगितलं नाही मी." ते कागदावरची घडी बोटाने सपाट करत होते. "मग मलाच वाटायला लागलं, खरंच करतोय की काय. सवय लागली असेल. आत बसलं की छाती आवळायची आणि समोर बघावं तर हिरवा. म्हटलं, दिवा खोटा असणार नाही, आपलंच काहीतरी बिनसलंय."

"मीही तेच म्हटलं होतं. वय झालं म्हणून."

"तू म्हटलंस म्हणून तर पटलं," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी परतवला असता, चोवीस वर्षांचा सराव आहे. मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही.

"उद्या छातीचा फोटो काढायला जायचं," मी म्हटलं. "मोठ्या दवाखान्यात. मी रजा टाकलीय."

"बघू."

"बघू नाही. जायचं."

"बरं बाई, जायचं," ते म्हणाले आणि तेवढ्यात त्यांना उबळ आली. हात सवयीने टेबलाच्या कडेवर गेला, अर्धवट उठले, नजर न्हाणीघराच्या दाराकडे. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की दोन महिने तो नळ कशासाठी सोडलेला असायचा. मला ऐकू जाऊ नये म्हणून.

ते उभे राहिले नाहीत. पुन्हा खाली बसले आणि तोंडावर हात न धरता, माझ्यासमोर, टेबलाशीच खोकले. खूप वेळ. मी पाणी आणायला उठले नाही, घड्याळाकडेही बघितलं नाही. खोकला संपेपर्यंत सगळा ऐकला.